कापड तुझं, झालर माझी

आक्का, तुझ्या तेराव्याला मी सगळ्यांदेखत तोंडावर आपटले, ते आधी सांगून टाकते. तू असतीस तर तूच सांगितलं असतंस, ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून, तोंडाला पदर लावून हसत. आता ते काम माझ्यावर आलंय आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

जेवणं उरकली, मांडवातल्या खुर्च्या एकावर एक चढल्या आणि संध्याकाळी बायकांचं भजन बसलं. तुझ्या फोटोसमोर, तुझ्याच पडवीत. निघोज्यातलं आपलं सगळं मंडळ होतं. टाळ होते, ढोलकी होती. पेटी आपल्याकडं कधी नव्हतीच, तू सूर लावायचीस तोच सूर. कुणीतरी म्हणालं, "आक्काच्या माहेरची चाल म्हना." लगेच सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. वळणारच. धृपद सगळ्याजणी म्हणायच्या, पण चरण सांगायचीस तू एकटी, आणि तुझ्याबरोबर गायला परवानगी असलेली मी एकटी. दहा-अकरा वर्षं तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. मला येत नसेल तर आणखी कुणाला येणार, असंच कुणालाही वाटलं असतं. मलाही तसंच वाटत होतं.

धृपद बरं गेलं. पहिल्या चरणाला मी तोंड उघडलं आणि गळ्यातून निघाली ती झालर.

झालर हा तुझाच शब्द. तू खाली सरळ चाल म्हणत असायचीस, आणि त्याच वेळी तेच शब्द घेऊन मी तुझ्यापेक्षा वर, चढ्या सुरात, वेगळ्याच वळणांनी फिरून यायचे. तू ओळ संपवायचीस तिथं मी खाली उतरून तुला येऊन मिळायचे. पडद्याला शोभेची पट्टी लावतात तशी. कापड तुझं, झालर माझी. पण तेराव्याला खाली कापडच नव्हतं. बायकांना वाटलं, रेखा म्हणते तीच चाल. तू नाहीस म्हणून मला साथ द्यायला त्यांनी माझ्यामागून ते उचलायला घेतलं आणि अर्ध्या ओळीत एकेकीचा गळा चिरकायला लागला. कुणी खोकली, कुणी टाळ मांडीवर ठेवला, कुणी नुसतीच माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी थांबले. पुन्हा सुरू केलं, मुद्दाम खालून. दोन शब्द जमले आणि तिसऱ्याला मी परत वर. ढोलकीवाली बिचारी एकटीच वाजवत राहिली. शेवटी तुझी धाकटी जाऊ, आपल्या शांताकाकू, मोठ्यांदा म्हणाल्या, "आरती घ्या आता. पोरीचा घसा बसलाय."

घसा बसला नव्हता, आक्का. मला सरळ चाल येत नव्हती. इतकी वर्षं जिच्यावर गायले ती चाल मला येतच नव्हती, आणि हे मला तुझ्या फोटोसमोर, पन्नास बायकांत कळलं.

त्या दिवसापासून मला बसवत नाही. घासलेली भांडी परत घासते. चाकणहून कंपनीची बस येते ती एक थांबा आधीच सोडते आणि कंटेनरच्या धुरातून चालत येते, कारण बसमध्ये बसून राहणं जमत नाही. लाइनवर सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, हाच पीस तुम्ही आता चेक केला." घरी हे म्हणतात, जरा टेक. टेकले की मी चाल शोधायला लागते. आणि शोधायला लागले की सापडते ती वरचीच. डोळे मिटून तुझा आवाज आठवते. शब्द आठवतात, तुझं नाकातून श्वास ओढणं आठवतं, टाळ धरलेल्या हातावरचं गोंदण आठवतं. चाल आठवत नाही. ती खाली आहे एवढं आठवतं, बस.

मला तुझा रागही आलाय. प्रत्येक गोष्टीत हट्ट करणारी बाई तू. नळाला कुणी आधी लागायचं यावर अर्धा तास भांडायचीस. दोरीवर साडी कुठल्या बाजूनं वाळत घालायची हेसुद्धा तू ठरवणार. मग एवढी एक गोष्ट कान धरून का नाही शिकवलीस? "सरळ म्हनून दाखव," असं एकदा तरी समोर बसवून म्हणायचं होतंस. मी आले असते की वठणीवर.

आपली गाठ पडली तीच भांडणातून. आम्ही लातूरकडून आलो, ह्यांना फोर्कलिफ्टवर काम मिळालं, आणि तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या रांगेत शेवटची खोली आम्हाला मिळाली. पहिल्याच आठवड्यात मोरीचं पाणी तुझ्या गोठ्याकडं गेलं आणि तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. मी आतून आमच्या लातूरकडच्या बोलीत ओरडले, "येलाले, थांबा!" तू भांडण विसरलीस आणि हसायलाच लागलीस. "येलाले म्हंजी? येती का न्हाई येत?" पुढं कितीतरी महिने तू मला हाकच तशी मारायचीस, "ए येलाले, दळन आलं बघ." पहिली दोन-तीन वर्षं मी तुला अहोजाहो करत होते. मग माझं बाळंतपण आलं. माहेरहून कुणाला येता आलं नाही, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तू काही विचारलं नाहीस. सकाळी शेगडी घेऊन आलीस, पोराला पायावर घेऊन तेल लावलंस आणि मला म्हणालीस, "आता भनीला अहो म्हनू नगं." तेव्हापासून तू 'तू' झालीस. ह्याबद्दल तुला मी कधी काही बोलले नाही. असल्या गोष्टी बोलायच्या असतात का, असंच वाटायचं. आता बोलते. आक्का, तू नसतीस तर मी त्या पत्र्याखाली वेडी झाले असते.

भजनाला तूच नेलंस. मी मागं खांबाला टेकून बसायचे, टाळ्या वाजवायचे. गाण्याचं मला वेड आहे हे तुला ठाऊक नव्हतं. मी गायचे ते कंपनीत. आमच्या लाइनच्या मागं कॉम्प्रेसर आहे, त्याची दिवसभर एकसुरी घरघर चालते. बाकीच्या मुली वैतागायच्या, मला मात्र त्या घरघरीवर गुणगुणायला भारी वाटायचं. खाली काहीतरी पक्कं चालू असलं की मला वर सुचत जातं. शिफ्ट बदलताना कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि माझं गाणंही तिथंच संपायचं. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

मग एका एकादशीला तू तुझ्या माहेरची चाल लावलीस. तुझ्या आईकडून तुला आलेली, दुसरीकडं कुठं कधी न ऐकलेली. दुसऱ्या चरणाच्या शेवटी तू एक सूर लांब धरलास आणि माझा गळा आपोआप वर गेला. मी काही ठरवलं नव्हतं. देवळातल्या सगळ्या बायका मागं वळल्या. शांताकाकूंचा टाळ थांबला. तू मात्र थांबली नाहीस, वळून पाहिलंही नाहीस. तसाच सूर धरलास, मी फिरून खाली येईपर्यंत, आणि मगच धृपद घेतलंस.

आरतीनंतर शांताकाकू तुझ्यासमोर, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "भाडेकरीन हाय, भाडेकरनीगत ऱ्हावं. आमच्या जावंच्या डोक्यावर बसून गाती व्हय!"

"गाऊ दे की," तू म्हणालीस. "देवाचंच गाती. काय शिव्या देती का?" मग माझ्याकडं वळून, "पर पोरी, फुडच्या एकादशीला जरा कमी चढ."

"बघू," मी म्हणाले.

ते आपलं पहिलं बोलणं गाण्यावरचं, आणि देवळात शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. दर एकादशीला आरतीचा प्रसाद हातावर पडला की तू म्हणायचीस, जरा कमी चढ. मी म्हणायचे, बघू. चांगलं झालं, असं तू एकदाही म्हणाली नाहीस. मी पुढच्या वेळी आणखी चढायचे, म्हणजे निदान तू काहीतरी वेगळं बोलशील. तू तेच बोलायचीस.

खरं भांडण झालं ते ओट्यावर, पावट्याच्या शेंगा सोलताना. तू म्हणालीस, "आधी सरळ म्हनाया शीक. चाल यायच्या आदी झालर कशाला?"

"सरळ तर सगळ्यांनाच येतं," मी म्हणाले.

"व्हय का? तुला येतं?"

"न यायला काय झालं? रोज ऐकते की."

"ऐकन्यानं येत न्हाई. म्हनल्यानं येतं." तू एक शेंग माझ्या टोपलीत टाकलीस, ती किडकी निघाली, आणि आपण त्या किडक्या शेंगेवरून भांडायला लागलो. गाण्याचं तिथंच राहिलं. मी ते भांडण जिंकले असं मला तेव्हा वाटलं होतं. तेराव्याला तुझ्या फोटोकडं बघताना तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही दिसलं ना, ते मी ओळखलं.

आणि तो संत तुकाराम नगरचा दिवस. कुणाच्या तरी नात्यातून आपल्या मंडळाला तिथल्या देवळात बोलावणं आलं. टेम्पोत बसून गेलो, सगळ्यांनी एकसारख्या साड्या नेसलेल्या, तू पुढं ड्रायव्हरशेजारी मानानं. कार्यक्रम झकास झाला. शेवटी तिथले एक गृहस्थ माइक हातात घेऊन म्हणाले, "तो वरचा आवाज कुणाचा हो? फार गोड, फार गोड." मला उभं केलं, नारळ दिला. तुला बाकीच्यांबरोबर गुलाबाचं फूल मिळालं. परतताना तू पुढं बसली नाहीस, मागं आमच्यात येऊन बसलीस आणि कुठंतरी मोशीच्या पुढं आल्यावर, कुणाकडंही न बघता म्हणालीस, "कापड कुनी बघत न्हाई. झालर दिसती." मी नारळ पिशवीत खाली सारला. तुला लागलं होतं का, आक्का? मी आजवर विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मला मेलीला काय लागतंय." पण विचारायला हवं होतं.

त्यानंतरच कधीतरी, गोठ्यात म्हशीपुढं पेंढा टाकता टाकता तू एकदम म्हणालीस, "रेखा, एक डाव तू खाली धर. मी वर जाते."

मला हसू फुटलं. तुझा तो जाडजूड आवाज आणि वर!

"हसू नगं. बघू तर वरून कसं दिसतंय."

"पुढच्या एकादशीला," मी म्हणाले. पुढच्या एकादशीला माझी सेकंड शिफ्ट लागली. त्याच्या पुढच्या वेळी तुझ्याकडं पाहुणे. मग तुझे गुडघे. मग राहिलंच. आपण दोघीही विसरलो, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, तू विसरली नसशील.

शेवटचं बोलणं तर विचारूच नको. सकाळी मी बससाठी पळत होते आणि तू दारातून ओरडलीस, "पाइप गुंडाळून ठेव गं जाताना!" मी हात हलवला आणि तशीच पळाले. दुपारी लॉकरमधला फोन हातात घेतला तेव्हा ह्यांचे फोन येऊन गेलेले. संध्याकाळी अंगणात माणसंच माणसं होती. आणि नळाशी पाइप व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला होता. लोक रडत होते आणि मी त्या पाइपकडं बघत उभी होते. तेव्हाही मला तुझा राग आला होता. थोडी वाट बघायची की. मी येऊन गुंडाळलाच असता.

तर तेराव्यानंतर दोन दिवसांनी नवनाथ आला. शांताकाकूंचा नवनाथ, देवळाच्या कमिटीतला. चांगला मुलगा आहे, त्याला बोल लावायला जागा नाही. चपला काढून दारातच बसला आणि म्हणाला, "वहिनी, एक विचारायचं व्हतं. काकी गेल्या, आता बायकांचं भजन सांगनार कोन? त्या दिवशी बघितलं आमी. राग मानू नका. कमिटीत विषय निघाला, एकादशीला पेनड्राइव्ह लावू म्हनत्यात. आवाज बी क्लिअर येतो, आन् बायकांना बी तरास न्हाई."

"त्रास?" मी म्हणाले. "कुणी सांगितलं त्रास होतो?"

"मंग तुमी सांगनार का चाल?"

मी म्हटलं, "ही एकादशी जाऊ दे. आम्ही म्हणतो. जमलं नाही तर लावा तुमचा पेनड्राइव्ह."

नवनाथ गेला. तुझं भजन आता माझ्या गळ्यावर टांगलेलं होतं आणि गळ्यात होती नुसती झालर. मी मंडळातल्या सगळ्या बायकांचे मोबाइल पालथे घातले. व्हिडिओ पुष्कळ निघाले. प्रत्येक व्हिडिओत मी ऐकू येते. खणखणीत, हौसेनं, सगळ्यांच्या वर. तू ऐकू येत नाहीस, आक्का. तुझे ओठ हलताना दिसतात, मान हलताना दिसते, पण मोबाइलच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून तुझा खालचा आवाज येतच नाही. आला तरी माझ्या आवाजाखाली गुदमरलेला. मी मोबाइल कानाला लावून तुला शोधत होते आणि दर वेळी मीच आडवी येत होते. शेवटी एकीचा फोन मी जवळजवळ फेकलाच. ती घाबरून म्हणाली, "वहिनी, अजून हप्ते फिटायचेत त्याचे."

त्या दुपारी मी तुझ्या गोठ्याशी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं, अंगणात उभं राहवत नव्हतं. शांताकाकू म्हशीला पाणी दाखवत होत्या. आता ते काम त्यांच्याकडं आलंय. म्हैस बादलीत तोंड घालत नव्हती. मान फिरवायची, फुरफुरायची. शांताकाकू वैतागल्या आणि मग, मी पाठीमागं आहे हे माहीत नसल्यानं, हळूच गुणगुणायला लागल्या.

ती तुझी चाल होती. धृपद नव्हे, चरण. सरळ.

म्हशीनं बादलीत तोंड घातलं.

"काकू," मी म्हणाले, "हे तुम्हाला कसं येतं?"

त्या दचकल्या. मग नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या, "न यायला काय झालं? रोज सकाळी तुमी कंपनीत गेल्यावर ही हितं हेच म्हनत बसायची. म्हशीला सवय लागली. त्याच्याबिगर पानी पीत न्हाई भवानी."

"मग तेराव्याला तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला दम पुरत न्हाई. आन् चारचौघीत फुडं बसून सांगायचं, ते काय माझं काम न्हाई. तुजं हाय."

मी तिथंच पालथ्या घमेल्यावर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसले. म्हटलं, शिकवा. ज्या बाईनं मला देवळात भाडेकरीण म्हणून पायरी दाखवली तिच्यासमोर मी बसले आणि एकेक ओळ म्हणत गेले. मी जरा वर सरकले की त्या पाण्याच्या बादलीवर बोटानं टकटक करायच्या. "खाली ये. खाली." किती साधी चाल आहे गं ती! चढ नाही, उतार नाही, एवढ्याशा जागेत फिरते. आणि तेवढीच अवघड. वर गाताना मला कुठंही जायची मुभा होती, कारण तू जागच्या जागी होतीस. खाली पाऊल इकडचं तिकडं झालं की सगळंच कोसळतं.

दुसऱ्या चरणाच्या शेवटी शांताकाकूंनी एक सूर धरला आणि धरूनच ठेवला. त्यांना दम लागला, तरी सोडेनात.

"एवढं लांब कशाला?" मी विचारलं.

"ती धरायची तसं."

"देवळात धरायची, मी वर असायचे म्हणून. इथं एकटीनं कशाला धरायची?"

शांताकाकूंनी बादली उचलली. म्हणाल्या, "मी बी इचारलं व्हतं तिला एकदा. म्हनलं, म्हशीफुडं कशाला गं आळवत बसतीस? तर म्हनली, हितनं रेखा वर जाऊन फिरून येती. ती येस्तवर धरायचं असतंय."

आक्का, तेव्हा मी रडले. तेराव्याला रडले नव्हते, त्याच्या आधीही नाही, पाइपकडं बघतानाही नाही. गोठ्यात, म्हशीसमोर, शांताकाकूंच्या देखत मी भोकाड पसरलं. मी कंपनीत कॉम्प्रेसरवर गाणं म्हणत असायचे, आणि तू इथं माझ्याशिवाय, माझ्यासाठी सूर धरून उभी असायचीस. आणि मला काय सांगायचीस? जरा कमी चढ! एवढी कसली गं मिजास तुझी? एकदा तोंडावर सांगितलं असतंस तर काय तुझी जमीन जात होती? ती तर केव्हाच कंपन्यांत गेली होती.

परवा एकादशी झाली. देऊळ भरलं होतं. बायका होत्याच, पण पुरुषही मागं येऊन उभे होते, बहुतेक मजा बघायला. नवनाथ स्पीकरपाशी होता, पेनड्राइव्ह खिशात असणार. मी तुझ्या जागेवर बसले नाही, माझ्याच जागी बसले. शांताकाकू शेजारी. धृपद झालं. पहिला चरण मी खाली धरला. घशात वर जाणारं काहीतरी सारखं उसळत होतं, ते दाबत दाबत एकेक शब्द ठेवत गेले. बायका हळूहळू सैलावल्या, टाळ एकत्र पडायला लागले. दुसरा चरण आला. शेवटचा सूर आला. मी तो धरला.

वर कुणीच नव्हतं. तुला सांगते, असं रिकामं मी कधी ऐकलं नव्हतं. सगळे टाळ वाजत होते, ढोलकी वाजत होती, आणि डोक्यावर नुसतं मोकळं छप्पर. माझा दम संपत आला होता. सोडून द्यावं आणि धृपद घ्यावं असं ठरवलं, तेवढ्यात शेजारून एक चिरका, फाटका आवाज वर निघाला.

शांताकाकू. डोळे गच्च मिटलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. माझी झालर जशीच्या तशी, दहा-अकरा वर्षं रागानं ऐकलेली, एकूण एक वळणासकट पाठ. फक्त सुरात नव्हती.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते खरं सांगू? संताप आला. माझ्या डोक्यावर बसून ही कोण गाणार? मी एवढी मरमर करून कापड धरलंय, आणि हिला आत्ताच झालर सुचली! सगळे तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं कुणीही नाही. मला वाटलं, सूर सोडावा आणि पडू द्यावं हिला. आणि त्याच क्षणी कळलं की मी सोडत नाहीये. दम संपलेला होता, तरी कुठून तरी तो पुरत होता. ती वर धडपडत होती, चुकत होती, आणि तिला उतरायला जागा हवी म्हणून मी धरून बसले होते. राग तसाच होता, आणि धरणंही तसंच. दर एकादशीला तुझं हेच होत होतं का गं? तुला वर जाऊन बघायचं होतं, तेव्हा मी असं धरायला हवं होतं. शांताकाकूंसाठी धरलं. तू चालवून घे.

त्या खाली आल्या, मला येऊन मिळाल्या. आम्ही धृपद घेतलं.

आरती झाली. नवनाथनं स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. शांताकाकू टाळ पदरानं पुसत बसल्या होत्या, कान लाल झालेले. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वरचं लई सुनं सुनं लागत व्हतं. म्हनून गेले. कसं झालं?"

मी प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला.

"पुढच्या एकादशीला जरा कमी चढा, काकू," मी म्हणाले.

त्यांनी प्रसाद तोंडात टाकला, टाळ पिशवीत घातले आणि उठता उठता म्हणाल्या, "बघू."